बाहेर पडणारी माणसं खरंच वेगळ्या मातीची असतात का?

प्रश्न: "मी कोल्हापूरचा, वय 24, मेकॅनिकल डिप्लोमा. शिरोलीत नोकरी आहे, पुण्यात दुसरी मिळते आहे. घरचे म्हणतात, बाहेर पडणारी माणसंच पुढं जातात, ती मुळातच हुशार आणि धाडसी असतात. स्थलांतर करणाऱ्यांत खरंच काही वेगळे गुण असतात का? मी जावं का?"

उत्तर:

नसतात. म्हणजे असतात, पण तुझ्या घरचे म्हणतात ते नव्हेत.

रात्री साडेदहाला उद्याची गवार निवडत बसले होते, तेवढ्यात हा प्रश्न समोर आला. शेंगा बाजूला ठेवल्या. लांबेल, आधीच सांगते.

कोल्हापुरातच, उद्यमनगरात माझी खाणावळ आहे. रोज साठ-पासष्ट डबे जातात. निम्मे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांतल्या, पोरांचे, बाकीचे क्लाससाठी आलेल्या कोकणातल्या आणि सीमाभागातल्या मुलांचे. स्थलांतरित म्हणतात ती माणसं मी दिवसातून दोन वेळा जेवू घालते. शिवाय बी.ए. भूगोल, 1993. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं दोन-तीन नावं घेणार आहे आणि खाणावळवाल्या बाईला हे कुठून माहीत, असं कुणी खाली लिहायला नको.

डब्यांची वही मी पहिल्यापासून ठेवते. नाव, गाव, कुठं कामाला, कुणाच्या ओळखीनं आला. शेवटचा रकाना माझ्या स्वार्थाचा. पोरगं महिना बुडवून पळालं तर पैसे ओळखवाल्याकडून. पण आता ती वही चाळताना गंमत वाटते. 2012 ला बिहारमधल्या सिवानकडचा एकजण मोल्डिंगला आला. त्यानं मेव्हणा आणला, मेव्हण्यानं दोन चुलतभाऊ. त्या एका गावची 19 पोरं आजवर माझ्याकडं जेवली. यात धाडसी म्हणायचा तर पहिला, आणि त्यालाही ठेकेदारानंच आणलेला. बाकीच्यांना गाडीत बसायच्या आधी ठाऊक होतं की उतरल्यावर झोपायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडं. त्यांना पाटणा कोल्हापूरपेक्षा परकं असणार. पाटण्यात त्यांचं कोण आहे?

वयाचं मात्र खरं. वहीतली बहुतेक पोरं अठरा ते सव्वीसमधली. जगभर हेच आहे, विशीत माणूस सगळ्यात जास्त हलतो, नंतर कमी होत जातं. तुझ्यात खास काही असेल तर ते 24 हे वय.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वर्षश्राद्धाला दादा अमेरिकेहून आला होता. गाव आजरा तालुक्यात. पंगती उठल्या, पुरुष माणसं सोप्यात पान खात बसली आणि दादा भाच्या-पुतण्यांना सांगायला लागला. "आपल्या रक्तातच आहे ते. आबा मुंबईला गेले, मी अमेरिकेला. निघायला दम लागतो. ज्यांच्यात नसतो ते इथंच राहतात." समोर थोरल्या चुलत्यांचा, नानांचा, मुलगा बसला होता. तोच आमचं सगळ्यांचं शेत बघतो. तो काही बोलला नाही, सुपारी कातरत राहिला. मी मागच्या दारी भांडी विसळत होते. तिथूनच म्हणाले, "दादा, आबा दम होता म्हणून नाही गेले. ते शिल्लक होते म्हणून गेले."

तिघं भाऊ, दोन एकर भात, एक बैलजोडी. नाना औत धरायचे, धाकटे काका शाळेत. मधले आबा. मधल्याला घरात काम पुरत नव्हतं म्हणून 1964 साली त्यांना मुंबईला पाठवलं. लालबागला गावकीची खोली होती. भिंतीला वळकट्या, माळ्यावर ट्रंका, तीन पाळ्यांची माणसं पाळीपाळीनं झोपणार. गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवून द्यायला गावचाच माणूस होता. जेवण खाणावळीत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकाही बाहेरून आलेल्याच असायच्या, पण त्यांच्या दमाबद्दल कुणी बोलत नाही. (1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. मला धंदा सुरू करताना त्यांचा फार आधार वाटला. भेट कधी झाली नाही.)

थोडक्यात, आबा गेले नाहीत, त्यांना घरानं पाठवलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे बऱ्याच उशिरा आलं. 1985 साली स्टार्क आणि ब्लूम यांनी मांडलं की जायचा निर्णय एकट्याचा नसतो, घराचा असतो. सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून घर एकाला बाहेर ठेवतं, विमा उतरवावा तसं. आमच्या आजीला ते आधीच कळलं होतं.

आणि हा विमा दोन्ही बाजूंनी चालतो, हे दादा विसरला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. तोवर दर महिन्याला मनीऑर्डर यायची, ती थांबली. मी दहा वर्षांची होते, मला ते पोतं स्वच्छ आठवतं. नानांनी जाडा तांदूळ भरला, वर दोन पायली घनसाळ वेगळ्या फडक्यात बांधून ठेवला. "सणाला होईल," म्हणाले. दाभणानं तोंड शिवलं, निळ्या शाईनं आबांचं नाव आणि लालबागचा पत्ता लिहिला आणि एस.टी.च्या टपावर चढवलं. नंतर अशी आणखी पोती गेली. म्हणजे ज्याला दम नव्हता म्हणून राहिला म्हणतात, त्यानं दमवाल्याला वर्ष-दीड वर्ष जगवलं. 1983 च्या दिवाळीला आबा ट्रंक घेऊन आले ते "थोडे दिवस" म्हणून. परत गेले नाहीत. संप रीतसर मागं घेतला असं कुणी कधी जाहीरच केलं नाही, त्यामुळं आबांचे थोडे दिवसही कधी संपले नाहीत.

रॅव्हनस्टाइन म्हणून एकजण होता. मूळचा फ्रँकफर्टचा, इंग्लंडात जाऊन नकाशे करायचा. 1881 ची तिथली जनगणना घेऊन त्यानं 1885 साली स्थलांतराचे नियम लिहिले. त्यातला एक, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. आबा तो उलटा प्रवाह. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझी सिवानची पोरं परत गेली तेव्हाही तेच. निम्मी वर्षाच्या आत पुन्हा डब्याला हजर.

दादाचं म्हणाल तर तो 1998 ला गेला. सन 2000 च्या कॉम्प्युटरच्या घोळाची धास्ती होती, अमेरिकेला माणसं हवी होती. एच-1बी व्हिसाची वर्षाची मर्यादा 65,000 होती, ती 1999 साठी त्यांनी 1,15,000 केली. दार आतून उघडलेलं होतं. आणि त्या व्हिसाला पदवी लागते. आधी पदवीवाल्यांनाच आत घ्यायचं आणि मग आत आलेल्यांकडं बघून म्हणायचं, काय हुशार लोक येतात इकडं! चाळणीतून खाली पडलेलं पीठ बारीकच असणार.

स्थलांतराचे अभ्यासक एव्हरेट ली यांनी 1966 साली हेच सांगितलं. पलीकडच्या ओढीनं जातात ते बहुधा शिकलेले, सुस्थितीतले. घरच्या रेट्यानं ढकलले जातात त्यांच्यात अशी निवड होत नाही, झालीच तर उलटी. दुसरी तऱ्हा बघायची असेल तर दिवाळीनंतर कुठल्याही साखर कारखान्याच्या तळावर जा. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, पोरं उसाच्या पाल्यात झोपवलेली. दम मोजायचा तर तिथं मोज ना.

हे मी सोप्यात एवढं व्यवस्थित बोलले नाही, अर्थात. तांदळाच्या पोत्यापर्यंत आले आणि आवाज चढला. दादा म्हणाला, "तू विषय कुठल्या कुठं नेतेस. तुला बाहेर पडावं लागलं नाही, तुला नाही कळायचं."

हे मला लागलं.

मे 1993. आजऱ्याहून कोल्हापूर, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. एम.ए.ला विद्यापीठात नंबर लागला होता, पण दादाच्या इंजिनिअरिंगचं कर्ज फिटायचं होतं आणि स्थळ आलेलं होतं. आमच्याकडं आमटीला नारळाचं वाटण. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हे कोकणातलं पाणी इथं चालायचं नाही, कांदा-लसणाची चटणी घाल." चहाचं पातेलं कुठलं आणि दुधाचं कुठलं, हे चुकलं की सगळं घर गप्प व्हायचं. दादाला कंपनीनं पहिले दोन आठवडे हॉटेल दिलं होतं.

रॅव्हनस्टाइननं हेही लिहिलंय की बायका पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात, फक्त जवळच्या अंतरात. लांब पुरुष जातात. आपल्या 2011 च्या जनगणनेत स्थलांतरित किती? सुमारे 45 कोटी. त्यात दोन तृतीयांशांहून जास्त बायका, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण लग्न. राज्य ओलांडणारे फक्त साडेपाच कोटींच्या आसपास. म्हणजे या देशातला नमुनेदार स्थलांतरित बॅग घेऊन विमानतळावर उभा नसतो. तो बहुधा ती असते, आणि शेजारच्या तालुक्यात परक्या चुलीपुढं बसलेली असते.

माझा बस्ता कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात बांधला होता. दुकानदार म्हातारे सिंधी गृहस्थ, साडी दाखवता दाखवता म्हणाले, "रडू नको बेटी, आम्ही पण असेच आलो." फाळणीनंतर आलेले. आणि त्यांच्याआधी त्याच जागी, वळिवड्याच्या छावणीत, 1943 ते 48 पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. रशियानं सैबेरियात पाठवलेली, तिथून इराणमार्गे आपल्या पंचगंगेकाठी. त्यांच्यात काय खास गुण होते? जिवंत राहिली, एवढंच.

तर, मी भांडी टाकून सोप्यात आले. आणि दादानं बॅगेतून कागद काढला. हक्कसोडपत्र. गावचं घर विकायचं, माझी सही हवी. म्हणाला, "घर माझ्या पैशातून झालं, आणि तू तर गेलीसच की इथून." मी बघतच राहिले. दम मोजताना मी राहिलेली, घर वाटताना मी गेलेली. कागद घेतला, "बघते" म्हटलं.

आता त्याची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. स्लॅबचं घर खरंच त्याच्या पैशातून झालं. आबांच्या दवाखान्याला त्यानं कधी हात आखडला नाही. पण त्याच्या पहिल्या तिकिटाला आईच्या पाटल्या गेल्या आणि नानांनी सोसायटीतून स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, ते त्याच्या कुठल्याही भाषणात येत नाही.

तुझा प्रश्न राहिलाच. पुण्याला जायचं तर जा. पण "मी जाणारा आहे, वेगळा आहे" म्हणून जाऊ नकोस. हिशेब कर. पगार किती वाढतो, त्यातून खोलीभाडं आणि मेस किती खाते. तिथं ओळखीचं कोण आहे हे आधी बघ, ते पगाराहून महत्त्वाचं. शिरोलीत राहिलास तरी बिघडत नाही, लोक हजार-दीड हजार किलोमीटरवरून तिथं येतायत. आणि जाणार असशील तर घरी कोण राहणार आहे ते बघ. आई-वडिलांचं दुखलं-खुपलं कोण बघणार? बहीण असेल तर तिला आत्ताच विचार, तिला काय शिकायचं होतं. वीस वर्षांनी कागद घेऊन येऊ नकोस.

हे सगळं मी माझ्या घरावरून सांगते आहे, हेही खरं. काही पोरं खरंच एकट्यानं, कुणाच्या ओळखीशिवाय येतात. माझ्या वहीत अशी तीन नावं आहेत, शेवटचा रकाना कोरा. त्यातल्या एकानं आता स्वतःचं फेटलिंगचं, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायचं, काम घेतलंय, हाताखाली आठजण. एक महिना बुडवून पळाला. तिसऱ्याचं काय झालं कळलं नाही.

हक्कसोडपत्र त्याच वहीत घडी घालून ठेवलंय, सही केलेली नाही. परवा दादाचा मेसेज होता, डिसेंबरात येतोय. जेवायला ये म्हटलंय. आमटी नारळाची करणार आहे.