मैत्रिणीच्या लग्नाला जाताना

प्रश्न : येत्या मे महिन्यात कुडाळ तालुक्यातील एका गावी माझ्या जुन्या मैत्रिणीचे लग्न आहे. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही 3 वर्षे एकाच खोलीत राहिलो. तिचे वडील गेले तेव्हा मी भेटायला गेले नाही, आणि तेव्हापासून 11 वर्षे आमचे बोलणे जवळजवळ बंद आहे. आता 43व्या वर्षी ती लग्न करते आहे आणि पत्रिकेच्या कोपऱ्यात तिने स्वतःच्या हाताने ‘तू ये’ एवढेच लिहिले आहे. एका लग्नासाठी नाशिकहून इतका प्रवास घरच्यांना अनाठायी वाटतो. मी एकटीने जावे का, आणि कसे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अवश्य जा, आणि मुहूर्ताच्या दिवशी न पोहोचता आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. लग्नाच्या दिवशी नवरी कुणाचीच नसते. अक्षता पडल्या की पाहुण्यांची रांग लागते आणि तुमच्या वाट्याला एक छायाचित्र येते. मी स्वतः एका जिवलग मैत्रिणीच्या लग्नाला ऐन मुहूर्तावर पोहोचले होते. तिने गर्दीत माझा हात घट्ट धरला, काही बोलणार तोच मागच्या पाहुण्यांनी पुढे सरकायला सांगितले, आणि ते बोलणे राहिले ते आजतागायत. याउलट आदल्या संध्याकाळी चुडा भरून झाल्यावर, हळदीची गडबड ओसरल्यावर, मागच्या पडवीत तासभर तरी निवांत मिळतो. वडिलांच्या वेळी न गेल्याबद्दल जे सांगायचे आहे ते तेव्हाच सांगा. कारणे देत बसू नका, ‘मी यायला हवे होते’ एवढे पुरे.

प्रवासाचे म्हणाल, तर दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस तुम्हाला सोयीची आहे, कारण ती ठाण्यालाही थांबते आणि दुपारच्या सुमारास कुडाळला पोहोचते. मात्र ती दादरहून मध्यरात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते आणि इथेच अनेकांची तारीख चुकते. लग्न 16 तारखेला असेल, तर तुम्ही 14च्या संध्याकाळी घरातून निघाल, पण तिकीट 15 तारखेचे हवे. 14चे काढले, तर तुम्ही ठाण्याला पोहोचण्याच्या जवळजवळ दिवसभर आधीच गाडी गेलेली असेल. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी निघत असल्याने जागा पाहता पाहता संपतात, म्हणून पहिल्याच सकाळी जाण्याचे तिकीट घ्या आणि परतीचेही त्याच्या दिवशी विसरू नका. नाहीच मिळाले, तर एसटीने कोल्हापूर गाठून तेथून घाट उतरता येतो. महिलांना 17 मार्च 2023 पासून एसटीच्या तिकिटात 50 टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्चाचा आक्षेप घरच्यांना फारसा घेता येणार नाही.

कोकणातील गाव वाड्यांमध्ये विखुरलेले असते आणि एका वाडीतून दुसरीत जायला कधी कधी 2-3 किलोमीटर चालावे लागते. कुडाळ स्थानकाबाहेर रिक्षावाला गावाचे नाव ऐकून लगेच ‘खयची वाडी?’ असे विचारील, तेव्हा वाडीचे नाव तुमच्याजवळ असू द्या. रेशमी साडी मुहूर्तापुरतीच ठेवा. नाशिकच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्यांना मे महिन्यातील तिथला घामट उकाडा सोसत नाही.

पत्रिकेवर आहेर न आणण्याची विनंती असली, तरी ओटीसाठी खण-नारळ न्यायला हरकत नाही, आणि सोबत घरच्यांसाठी नाशिकचे बेदाणे. घरी एवढेच सांगा की हे लग्न तिने 43व्या वर्षापर्यंत थांबून, स्वतः ठरवून केलेले आहे आणि त्या वेळी तिला तुम्ही जवळ हव्या आहात. आज रात्री तिला फोन करा. सुरुवात कशी करावी असा प्रश्न पडला, तर आधी वाडीचे नाव विचारा.