पहिल्याच दिवशी बोलतं करू नकोस

प्रिय,

तुझा निरोप रात्री वाचला. टीमच्या डोळ्यांदेखत एक सहकारी गेला, आणि उद्या त्या सगळ्यांसमोर तुला उभं राहायचंय.

एक आधी सांगतो. सगळ्यांना गोलात बसवून "काय पाहिलंस, काय वाटलं" असं वदवून घेऊ नकोस. मी एकदा ते केलं, मशीनवरच्या अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, त्यांच्याही डोक्यात सगळं दृश्य बसलं. गप्प बसलेल्या एका मुलाला मी आग्रहानं बोलायला लावलं, ते अजून सलतं. तेव्हा ही पद्धत चांगली समजली जायची. २००२च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, मात्र दिसलं, की अशा एका बैठकीनं पुढचा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, टळत नाही. काहींचा त्रास उलट वाढू शकतो.

मग करायचं काय? जे नक्की ठाऊक आहे तेवढंच सांग, म्हणजे अफवांना जागा उरत नाही. घरी कोण सोडणार, रजा कशी मिळणार, शिफ्ट कोण सांभाळणार, ते बघ. गेलेल्याचा लॉकर रातोरात रिकामा करू नका. कुणी आपणहून बोललं तर ऐकून घे. तिथे चौकशीचे प्रश्न नकोत, जबाब घेणारा माणूस वेगळा असू दे. झोप उडणं, आवाजानं दचकणं सुरुवातीला होतंच, आणि बहुतेकांचं हळूहळू निवळतं. महिना उलटूनही तीच स्वप्नं पडत असतील, त्या जागेकडे पाऊल वळत नसेल, दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठव. आघातावर केंद्रित उपचारांचा चांगला उपयोग होतो. महिन्यानंतरची तारीख आजच लिहून ठेव. तोवर फुलं सुकलेली असतात आणि विचारणारं कुणी उरत नाही.

आता सुपरवायझरबद्दल. माझा जीव तिथेच अडकलाय. त्या दिवशीची ड्यूटी त्यांनीच लावली होती ना? घरच्यांना फोनही त्यांनीच केला असणार. आता ते रिपोर्ट लिहितील, टीमला धीर देतील, आणि सगळे म्हणतील, किती खंबीर आहेत. "तुमची काही चूक नाही" असं घाईनं म्हणू नकोस. चौकशी व्हायचीय, ते शब्द त्यांना पोकळ वाटतील. "रात्री झोप लागली का?" एवढंच विचार. दोन दिवस त्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे दे, पण त्यांना विचारून. काहींना कामाचाच आधार असतो.

सकाळी टीमसमोर जाण्याआधी त्यांना फोन कर. रिपोर्टचा विषय काढू नकोस. आणि संध्याकाळी मला कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
काका