मरावंसं वाटतं, पण मरायचंही नाहीये. हे कुणाला सांगू?

‘सकाळी जागच येऊ नये असं रोज वाटतं, मला वेड तर लागलं नाही ना?’ असं तुम्ही विचारलंय. नाही लागलेलं. फोनवर लोकांचं ऐकून घ्यायचं काम मी स्वेच्छेने करतो. हेच वाक्य थोड्याफार फरकाने कितीतरी जणांकडून ऐकलंय. पुष्कळ जण सुरुवात ‘एका मित्राबद्दल विचारायचं होतं’ अशी करतात. मग नुसता श्वास ऐकू येतो, आणि हळूहळू ‘तो’चा ‘मी’ होतो.

आधी एक बघा. सगळं नकोसं होणं वेगळं. कसं आणि कधी हे मनात ठरलेलं असणं वेगळं. ठरलं असेल तर पुढचं वाचत बसू नका. कुणालातरी जवळ बोलवा, एकटं राहू नका. भारतात असाल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका असेल तर 112.

तसं नसेल, तरी विचार अंगावर येतोच. पण त्याचा जोर चढतो तसा ओसरतोही. सॅन फ्रान्सिस्कोत आत्महत्येपासून ऐनवेळी अडवलेल्या 515 जणांचं पुढे काय झालं, हे संशोधक रिचर्ड सायडन यांनी तपासून 1978 साली मांडलं. सुमारे 94 टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. म्हणून त्या वेळेपुरतं तग धरणं फार मोलाचं. ज्या वस्तूकडे मन जातं ती आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या. दारू नकोच, तिने मनाचा लगाम सुटतो.

सांगायचं कुणाला? जो मध्येच तोडत नाही त्याला. शब्द सुचत नसतील तर एवढंच पाठवा: ‘मला हल्ली मरणाचे विचार येतात. उपाय सुचवू नकोस, आज माझ्याजवळ बसशील?’ त्याने ‘सकारात्मक विचार कर’ म्हणून बोळवण केली, तर दुसऱ्याला सांगा. (हे वाक्य लोकांना इतकं का आवडतं, देव जाणे.)

डॉक्टरांकडेही जाच. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच बंद करू नका. सुरुवातीला तगमग किंवा हे विचार वाढले तर त्याच दिवशी कळवा. आणि ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगून उठू नका, मरणाचे विचार येतात हेही सांगा. तोंडातून निघत नसेल तर कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवा, चालतं.