पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने खेळाडूंच्या पगारावर जास्त खर्च करावा का, की छोट्या शहराच्या संघाला ते परवडतच नाही?

करावा. आणि २०२९ च्या आत करावा, नंतर केला काय आणि न केला काय.

मी पिट्सबर्गमध्ये बारा वर्षं राहतोय, त्यामुळे माझं उत्तर तटस्थ वगैरे नाही. पण ‘परवडत नाही’ हे ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून जरा हिशोब मांडतो.

आपल्या डोक्यात आयपीएल असतं. तिथे २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाच्या थैलीत सारखेच १२० कोटी होते. अमेरिकन बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. एका आकड्याच्या वर गेलात (२०२५ मध्ये २४ कोटी १० लाख डॉलर) तर वरच्या रकमेवर कर भरायचा, एवढंच. लॉस एंजेलिस डॉजर्स तो कर खुशाल भरतात आणि २०२४, २०२५ असे लागोपाठ दोन करंडक घरी नेतात. मग गरीब संघांचं काय? तर प्रत्येक संघाने आपल्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के वाटा एका सामायिक हंड्यात टाकायचा आणि तो तीसही संघांत सारखा वाटायचा. म्हणजे छोट्या शहराला जेवढं द्यावं लागतं त्यापेक्षा जास्त परत मिळतं. हे पैसे संघ सुधारायला वापरायचे असतात. ते तसे वापरले जात नाहीत अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार संघांविरुद्ध केली होती. त्यात पायरेट्स होते.

नुसते पैसे ओतून काम होत नाही, हेही खरं. न्यूयॉर्क मेट्सने २०२३ मध्ये तोवरचा सगळ्यात मोठा पगारखर्च केला आणि १६२ पैकी ७५ सामने जिंकले. उलट मिलवॉकी, जे पिट्सबर्गइतकंच ‘छोटं’, त्यांनी २०२५ मध्ये ९७ सामने जिंकले, सगळ्या संघांत जास्त. (मग उपांत्य फेरीत डॉजर्सनी त्यांना ४-० असं धुतलं, ते सोडा.)

आता पायरेट्सची खरी गोम. इथे नवा खेळाडू पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर खेळतो आणि सहा वर्षं पुरी होईपर्यंत त्याला दुसरीकडे जाता येत नाही. पॉल स्कीन्स हा आमचा पिचर (म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज) २०२४ च्या मे महिन्यात आला. २०२५ मध्ये त्याने नऊ इनिंगमागे (म्हणजे एका पूर्ण सामन्याच्या हिशोबाने) सरासरी १.९७ धावा दिल्या आणि आपल्या लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने घेतला. पगार पावणेनऊ लाख डॉलर. खुल्या बाजारात असा माणूस वर्षाला तीन-चार कोटींच्या खाली मिळत नाही. आणि त्याची जय-पराजयाची नोंद (बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल एकेका पिचरच्या नावावरही लिहितात)? १० विजय, १० पराभव. कारण पायरेट्सच्या फलंदाजांनी वर्षभरात ११७ होमरन (म्हणजे इथले षटकार) मारले, तिसांत सर्वांत कमी.

अशा संध्याकाळी मी बऱ्याच पाहिल्यात. गाड्यांना बंद केलेला तो पिवळा क्लेमेंटे पूल पायी ओलांडायचा, नदीवरचा वारा खायचा, स्कीन्स समोरच्या फलंदाजांना एकामागून एक परत पाठवतोय ते बघायचं. आणि पाचव्या इनिंगमध्ये पिरोगीचे (उकडीच्या करंजीचा पोलिश भाऊ म्हणा) फुगीर वेष घातलेली माणसं करमणुकीच्या शर्यतीत धावायला लागली की लक्षात येतं, आपल्या बाजूने आत्तापर्यंत जोरात पळालेली हीच पहिली. मग मागून कुणीतरी ‘सेल द टीम’ (संघ विकून टाका) ही घोषणा सुरू करतं आणि अख्खा स्टँड त्यात सामील होतो.

स्कीन्स स्वस्तात मिळाल्यामुळे जे कोटी वाचतात, ते दोन-तीन बऱ्या फलंदाजांवर घालवा, इतकंच माझं म्हणणं. डॉजर्सच्या ओहतानीसारखा ७० कोटी डॉलरचा माणूस कुणी मागत नाहीये.

हे हुकल्याची किंमत या गावाला माहीत आहे. विजयांपेक्षा पराभवच जास्त असे सलग वीस हंगाम (१९९३ ते २०१२) सोसल्यावर २०१५ मध्ये संघाने ९८ सामने जिंकले. त्या वर्षी जुलैअखेर आणलेला पिचर जे. ए. हॅप इथे ७-२ (७ विजय, २ पराभव) असा खेळला. हिवाळ्यात टोरांटोने त्याला तीन वर्षांचे ३ कोटी ६० लाख देऊन नेलं आणि पुढच्या वर्षी तिथे त्याने २० सामने जिंकले. इथे नील वॉकर या गावातल्याच पोराला देऊन जॉन नीस हा पिचर आणला, तोही टिकला नाही. २०१६ मध्ये विजय ७८. जानेवारी २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने पिचर गेरिट कोल आणि फलंदाज मॅककचन हे संघाचे दोन मोठे खेळाडू दुसऱ्या संघांकडे गेले. कोलला पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने नऊ वर्षांचे ३२ कोटी ४० लाख दिले. ते पायरेट्सने द्यायला हवे होते असं मी म्हणत नाही. पण तो स्वस्त होता तेव्हा, त्या २०१५ च्या हिवाळ्यात, हात आखडायला नको होता.

नियमाप्रमाणे स्कीन्स २०२९ नंतर मोकळा होईल. माझ्या मुलाने हट्ट करून त्याच्या ३० नंबरचा शर्ट घ्यायला लावला. मी वाढत्या अंगाचा घेतलाय, २०२९ पर्यंत पुरेल असा.