खोलीत आपण नेमके कोण आहोत?

विभक्त होत असलेल्या कुटुंबांबरोबर न्यायालयात काम करणाऱ्यांना कायद्याच्या माहितीपेक्षा स्वतःच्या भूमिकेचे भान अधिक कमी पडते, असे मी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर समुपदेशक, वकील, शिक्षक आणि एका आजोबांचीही पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून दोन वर्षे एका स्वयंसेवी संस्थेत काम केले आहे. घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत काम करण्याची इच्छा आहे. मध्यस्थीचे ४० तासांचे प्रशिक्षण पुरेसे होईल का? (म्हापसा)

पुरेसे होणार नाही. मात्र ते घेतल्यावाचून पुढे जाऊही नका. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मध्यस्थी आणि समेट प्रकल्प समिती नेमली आणि ४० तासांचे हे माप देशभर रूढ झाले. बोलणी कशी सुरू करावीत, पक्षकारांना वेगवेगळे केव्हा भेटावे, दोघांच्या मागणीमागची गरज कशी ओळखावी, हे त्यात चांगले शिकवतात. पण हा अभ्यासक्रम सगळ्याच दिवाणी वादांसाठी बेतलेला आहे. शेतातल्या पायवाटेचा वाद मिटला की शेजाऱ्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही तरी निभावते. तीन वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना मात्र पुढची पंधरा वर्षे ताप, फी, गॅदरिंग आणि दहावीचा निकाल यांसाठी एकमेकांशी बोलावेच लागते.

त्यामुळे माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला धडा कौशल्याचा नसून ओळखीचा असावा : मी या खोलीत कोण म्हणून बसले आहे? समुपदेशक दांपत्याला विचार करायला मदत करतो. मध्यस्थ त्यांची बोलणी चालवतो आणि स्वतःचे मत बाजूला ठेवतो. मूल्यमापन करणारा तज्ज्ञ घर पाहतो, मुलाला भेटतो आणि न्यायाधीशांना अहवाल देतो. उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ केवळ आपल्या रुग्णाला बांधील असतो. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यातही हा भेद दिसतो : कलम ६ मध्ये समुपदेशकांची, कलम १२ मध्ये वैद्यकीय आणि कल्याण क्षेत्रातील तज्ज्ञांच्या साहाय्याची तरतूद आहे, तर तडजोडीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य कलम ९ने खुद्द न्यायालयावरच टाकले आहे. सकाळी समुपदेशक म्हणून जिचे रडणे ऐकले, तिच्याविषयी संध्याकाळी अहवाल लिहायला बसलात, तर तिचा विश्वास आणि अहवालाची विश्वासार्हता ही दोन्ही एकाच दिवशी जातात.

दुसरी गोष्ट खास गोव्याची आहे. मुंबई-पुण्यातली प्रशिक्षणाची टिपणे जशीच्या तशी येथे लागू पडत नाहीत. आपल्याकडे विवाह आणि मालमत्ता यांचा पाया १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत आहे, घटस्फोटाचा १९१०च्या हुकूमनाम्यात आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मत्ता समाईक धरली जाते आणि दोघांचाही तिच्यात अर्धा वाटा असतो. घटस्फोटानंतर तिची वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मत्तेची यादी करून वाटे पाडण्याच्या न्यायालयीन कामकाजातून होते. हे ठाऊक नसलेला समुपदेशक ‘घर तुमचे नाही ना, मग तोपर्यंत माहेरी राहा’ असे सहज बोलून जातो आणि त्या बाईच्या हक्काचे नकळत नुकसान करतो. तुम्ही वकील होण्याची आवश्यकता नाही. कोणत्या क्षणी थांबून ‘हे वकिलांना विचारा’ म्हणायचे, तेवढे कळले की झाले. आणि वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत विधिसाहाय्य मिळते, हेही तुम्हाला सांगता यायला हवे.

आणि किमान वर्षभर अनुभवी व्यक्तीच्या मागे मुकाट्याने बसून पाहा. ही सूचना तरुणांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : माझ्या वर्गातील सात वर्षांच्या विद्यार्थ्याला न्यायालयाच्या कामात कोणीतरी विचारले, ‘तुला आईकडे राहायचे की बाबांकडे?’ त्या दिवसापासून तो वर्गात बोलेनासा झाला आहे. मुलांना असे विचारणे योग्य आहे का? (फोंडा, शिक्षिका)

योग्य नाही. मीही एकदा हा प्रश्न विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कामाच्या सुरुवातीच्या काळात सहा वर्षांच्या एका मुलीला मी अगदी गोड आवाजात हेच विचारले होते. तिने आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘मी आजीकडे राहीन, मग कोणी रडणार नाही.’ मी ते वाक्य वहीत लिहून घेतले. त्याचा अर्थ लागायला मात्र मला बराच काळ गेला.

मुलाचे म्हणणे ऐकणे आणि मुलावर निवाड्याचा भार टाकणे, यांत फरक आहे. निवाडा करण्यासाठी न्यायाधीश आहेत. मुलाकडून समजून घ्यायचा असतो तो त्याचा दिवस : सकाळी कोण उठवते, शाळेचा डबा कोण भरते, भीती वाटली तर तो कोणाला हाक मारतो, बाबांच्या घरी त्याचे दप्तर कुठे ठेवलेले असते. मुलांच्या जबानीवर जगभर झालेल्या संशोधनातून काही गोष्टी आता पक्क्या झाल्या आहेत. ‘त्या दिवशी काय काय झाले ते सांग’ अशा मोकळ्या प्रश्नाला मिळणारी माहिती ‘बाबांनी मारले का?’ अशा हो-नाहीच्या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा अधिक भरवशाची असते. एकच प्रश्न पुन्हा विचारला की आपले पहिले उत्तर चुकले असावे असे लहान मूल समजते आणि ते बदलते. म्हणून बोलणे सुरू करण्यापूर्वीच मुलाला सांगायचे असते की ‘ठाऊक नाही’ हेही उत्तर चालते, आणि ताईने काही चुकीचे म्हटले तर तिला टोकायची मुभा आहे.

भाषेकडेही दुर्लक्ष नको. घरी कोंकणी, शाळेत इंग्रजी आणि आजीशी मराठी बोलणाऱ्या मुलाला आपण कागदोपत्री सोयीच्या भाषेत प्रश्न विचारतो आणि त्याच्या अडखळण्याला ‘पढवलेले मूल’ असे नाव देतो. ज्या भाषेत ते भांडते, त्या भाषेत त्याच्याशी बोलावे.

एक गोष्ट मात्र मुलाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगायला हवी : ‘तू सांगितलेले सगळे गुपित ठेवीन’ असे वचन मी देऊ शकत नाही. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९नुसार लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१खाली शिक्षा आहे. मध्यस्थीच्या २०२३च्या कायद्याच्या मजकुरातही गोपनीयतेला मुलांवरील अत्याचार आणि कौटुंबिक हिंसाचाराचे अपवाद ठेवले आहेत. शिवाय गोव्याचा स्वतःचा बालकविषयक कायदा २००३पासून आहे. गुपिताचे वचन देऊन ते मोडण्यापेक्षा न दिलेले बरे.

तुमच्या विद्यार्थ्यापुरते सांगायचे तर त्याला त्या दिवसाविषयी काहीही विचारू नका. त्याच्या नेहमीच्या जागा, नेहमीचे सोबती आणि नेहमीची कामे तशीच राहू द्या. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दोन्ही पालकांना कळवून त्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवावे, असे सुचवा. एकाच पालकाला कळवू नका. त्याने तुम्हीही एका बाजूच्या साक्षीदार ठराल.

प्रश्न : आमच्याकडे समुपदेशक पतीच्या गावचा निघाला, शिवाय दोघांच्या घराण्यांचे देवस्थान एक. इतक्या लहान राज्यात तटस्थता शक्य तरी आहे का? (मडगाव, वकील)

ओळखच नसलेला माणूस शोधायचा म्हटले, तर गोव्यात एकही प्रकरण चालणार नाही. वाडा, देवस्थानचे महाजनपद, चर्च, फुटबॉलचा क्लब, सहकारी पतसंस्था, कुठे ना कुठे धागा लागतोच. म्हणून प्रशिक्षणात ‘ओळख टाळा’ शिकवण्यापेक्षा ‘ओळख उघड करा’ हे शिकवावे. पहिल्या बैठकीत, दोघांच्या समक्ष, आपला जो काही संबंध असेल तो सांगायचा, दोघांची हरकत विचारायची आणि ते नोंदवायचे. नाते, पैशाचा व्यवहार किंवा पूर्वीचे वकीलपत्र असेल, तर मात्र हरकतीची वाट न पाहता बाजूला व्हायचे. तुमच्या प्रकरणात पत्नीला ही गोष्ट तिसऱ्या बैठकीनंतर बाहेरून समजली, असे तुम्ही लिहिता. आक्षेपार्ह आहे ते तेच. देवस्थान एक असणे नव्हे.

तुमच्या व्यवसायबंधूंविषयीही एक शब्द बोलू द्या. मध्यस्थीच्या खोलीत उलटतपासणीच्या सुरात बोलणारा वकील अर्ध्या तासात महिन्याभराचे काम धुऊन टाकतो. समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला वकिलांनीही बसावे. मिरामारच्या आणि मडगावच्या विधी महाविद्यालयांनी हे काम हाती घेतले, तर वेगळ्या इमारतीची वाट पाहायला नको.

प्रश्न : मारहाणीची तक्रार असलेल्या प्रकरणातही ‘संसार वाचवा’ असा आग्रह धरावा, असे आम्हाला एका कार्यशाळेत सांगण्यात आले. ते मनाला पटले नाही. (वास्को, स्वयंसेविका)

तुमचे मन बरोबर आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५चा, त्याखालील नियम २००६चे. त्यांतील नियम १४ प्रत्येक प्रशिक्षणात मोठ्याने वाचला जावा, अशी माझी इच्छा आहे. समुपदेशनाचा हेतू हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी मिळवणे हा असला पाहिजे, असे तो नियम सांगतो. हिंसेचे कोणतेही समर्थन समुपदेशनात चालणार नाही, हे प्रतिवादीला बैठक सुरू होण्याआधीच कळवायचे असते. आणि तडजोडीचे प्रयत्न पीडितेची इच्छा असेल तरच करायचे असतात. ‘ती पण बोलते ना’ हे वाक्य ज्या खोलीत ऐकून घेतले जाते, त्या खोलीत हा नियम मोडलेला असतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाला स्वतंत्र भेटून विचारावे : त्यांच्यासमोर बोलायला भीती वाटते का, फोन कोणाच्या हातात असतो, पैसे मागावे लागतात का, येथून घरी कसे जाणार? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण बैठकीनंतर दोघे एकाच बसस्टॉपवर उभे राहणार असतील, तर आत झालेल्या तडजोडीला फारसा अर्थ उरत नाही. त्यांना वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडणे हासुद्धा प्रशिक्षणाचा विषय आहे.

याच पत्रात ‘मुलाचे मन कलुषित केले’ या आरोपाविषयीही विचारले आहे. एक पालक मुलाला दुसऱ्याविरुद्ध भरवतो, हे घडते; सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालच्या एका निकालात त्याची दखल घेतली आहे. पण मानसरोगांच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात असा कोणताही विकार नाही. मूल भेटायला नकार देते तेव्हा कारण पढवणे असू शकते, पाहिलेली मारहाण असू शकते, किंवा शनिवारचा फुटबॉल बुडतो एवढेही असू शकते. कारण तपासण्याआधी नाव देण्याची घाई प्रशिक्षित माणसाने करू नये.

प्रश्न : मुलगा तारवटी आहे, सात-आठ महिने जहाजावर असतो. सुनेबरोबर घटस्फोटाचे बोलणे चालू आहे. ‘दर रविवारी भेट’ असा मसुदा पुढे आला आहे. तो त्याच्या काय उपयोगाचा? (काणकोण, आजोबा)

काहीच उपयोगाचा नाही, आणि हा मसुदा लिहिणाऱ्याने तुमच्या मुलाला त्याच्या कामाविषयी एकही प्रश्न विचारला नसावा. भेटीचे वेळापत्रक जहाजाच्या करारावर बेतून मागा : सुट्टीवर आल्यावर सलग किती दिवस, त्यांतले शाळेचे किती, येण्याची तारीख किती दिवस आधी कळवायची आणि ती पुढे गेली तर काय. जहाजावर असताना फोनचे काय, हेही लिहून घ्या. २०२०च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की आईवडील वेगवेगळ्या राज्यांत वा देशांत असतील, तेव्हा ताबा नसलेल्या पालकाला, विशेष कारण नसेल तर, मुलाशी रोज ५ ते १० मिनिटे बोलता यावे. समुद्रात नेटवर्क रोज मिळत नाही; तेव्हा चुकलेला फोन दुसऱ्या दिवशी कोणत्या वेळी, हे ठरवून ठेवा.

चवथीचाही उल्लेख हवा. मूळ घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना नातवंड असावे, असे तुम्हाला वाटणारच. सुनेच्या माहेरीही चवथ आहे. दीड दिवसाचा गणपती कोणाकडे आणि पाच दिवसांचा कोणाकडे, एवढी एक ओळ आताच घातलीत, तर दरवर्षी भाद्रपदात वकिलाकडे जावे लागणार नाही.

सून नातवंडाला घेऊन इंग्लंडला जाण्याचा विचार करते आहे, असेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. ते ओझरते सोडू नका. मुलांना परदेशी नेण्याविषयीच्या १९८०च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही, त्यामुळे नंतरची धावपळ फार अवघड होते. पासपोर्ट कोणाकडे राहील आणि बाहेरगावी नेण्यासाठी कोणाची लेखी संमती लागेल, ही कलमे वकिलांकडून तपासून घेऊन मगच मुलाला सही करू द्या; आणि हे सुनेच्या मागे करू नका, पुढच्या बैठकीत तिच्यासमोरच मांडा.