गुजरीतल्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलं, तर पोलीस मला न विचारता कंपनीकडून ते घेऊ शकतात का?

हो, घेऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी लेखी आदेश काढून फुटेज ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे मागतो. क्लाउडवर ठेवलं की हा ताबा कंपनीकडेही जातो. आयटी कायद्याचं कलम 69 याहून जड: साठवलेला डेटा उघडून बघायचाही आदेश निघतो, पण तो केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवरून. न्यायाधीशाची सही आधी लागत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टास्वामी निकालानं गोपनीयता मूलभूत हक्क ठरवल्यावरही हे तसंच चालू आहे, हे मला खटकतं.

“सर्व्हर मुंबईतच आहे की!” याला फार अर्थ नाही. कंपनी अमेरिकी असेल तर तिथल्या 2018 च्या क्लाउड कायद्यानं सर्व्हर कुठंही असला तरी तिथलं सरकार डेटा मागू शकतं.

पण खरं सांगू? सरकारच्या आधी ॲपची सेटिंग बघा. मालक म्हणून ईमेल कुणाचा आहे? बऱ्याचदा कॅमेरे बसवणाऱ्या पोराचाच असतो, पासवर्डही त्यालाच पाठ. दोन्ही आजच बदला. तिजोरीकडचा कॅमेरा तर दुकानातल्या हार्डडिस्कवरच ठेवा.