बारावी बोर्ड आणि नीट, दोन्हींचा अभ्यास एकदम कसा झेपवायचा?

राजापूरजवळच्या गावातून रोज एसटीने कॉलेजला जातेस, घरी परतेपर्यंत दिवेलागण होते आणि बोर्ड, प्रॅक्टिकल, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) असे तीन अभ्यास एकदम अंगावर आलेत, असं तू लिहिलंयस. मी रत्नागिरी जिल्ह्यातच ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझी दमणूक मी वर्गात रोज बघते.

आधी तू यूट्यूबवरचं वेळापत्रक भिंतीवर लावलं असशील, तर ते काढ. तसली बहुतेक वेळापत्रकं सीबीएसईच्या मुलांसाठी बनवलेली असतात. एनसीईआरटीत, म्हणजे सीबीएसईची मुलं वापरतात आणि नीटलाही लागतात त्या पुस्तकांत, श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था, संप्रेरकं हे धडे अकरावीला आहेत, आपल्या बालभारतीच्या पुस्तकात ते बारावीला आहेत. फिजिक्समध्येही रोटेशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स यांचं तसंच. म्हणजे 'अकरावीचं राहून गेलं' म्हणून तू ज्याची धास्ती घेतेस, त्यातलं बरंचसं तुला बोर्डासाठी यंदा करायचंच आहे. एका रविवारी दोन्हीकडच्या अनुक्रमणिका शेजारी ठेव आणि धडे जुळव. मग प्रत्येक धडा एकदाच धर: आधी एनसीईआरटी ओळन् ओळ, लगेच बालभारतीतले जादा मुद्दे, लगेच त्याच धड्याचे नीटला येऊन गेलेले प्रश्न. सकाळी बोर्ड आणि रात्री नीट अशी वाटणी केलीस तर तोच धडा दोनदा वाचावा लागेल, आणि तेवढा वेळ तुझ्याकडे नाही.

खरी अडचण बहुधा फिजिक्सची असेल. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. त्यातले ९० जीवशास्त्राचे, ४५ फिजिक्सचे, ४५ केमिस्ट्रीचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं की १ जातो. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो (२०२५ ला ९६.७४ टक्के), कारण आपली मुलं मन लावून उत्तरं लिहितात. पण पाठ केलेलं डेरिव्हेशन बोर्डात गुण देतं, नीटमध्ये मिनिटभरात गणित सुटावं लागतं. ते हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. म्हणून सकाळी गाडीच्या आधीचा वेळ फक्त फिजिक्सच्या गणितांना दे, डोकं ताजं असतं तेव्हाच. एसटीत बायोलॉजी. बसायला जागा नाही मिळाली तर काल वाचलेला धडा मनातल्या मनात मराठीतून स्वतःला समजावत जा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण इंग्रजी वाक्य पाठ होतं पण अर्थ निसटतो. रात्री जेवणानंतर नवीन काही घेऊ नकोस. आणि झोप तोडू नकोस, अजिबात नाही.

जर्नल दिवाळीआधी पूर्ण कर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकात प्रॅक्टिकलचे ३० गुण आहेत आणि जानेवारीत जर्नल लिहीत बसलेल्या मुलींची रडकुंडी मी दर वर्षी बघते. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, तेव्हा पुस्तक उघडायचा हट्ट नको, आरतीला उभी राहा. शिमगा मात्र बोर्डाच्या पेपरांच्या आसपास येतो, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेव की यंदा पालखी घरी आली की दर्शन घेऊन तू परत अभ्यासाला बसणार.

बोर्ड संपल्यावर एप्रिल उरतो. बालभारतीत फक्त अकरावीला असलेले धडे आणि पूर्ण पेपर, एवढंच त्यात बसतं. नीट अलीकडे मेच्या सुरुवातीच्या रविवारी दुपारी २ ते ५ होते, म्हणून सरावाचा पेपरही दुपारी दोनलाच लाव, घामाच्या धारा लागल्या तरी. लातूरला नीटच्या क्लासला गेलेल्या मैत्रिणींचे टेस्टचे गुण मात्र विचारू नकोस, त्यांचे धडे वेगळ्या क्रमाने चाललेले असतात.

आणि बाबांना सांग, आता सरकारी मेडिकल कॉलेज सिंधुदुर्गात ओरोसलाही आहे आणि रत्नागिरीतही. फिजिक्सचा नेमका कुठला धडा अडतोय ते खाली लिही, आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारून कळवते.